अर्ल ग्रे की लापसांग सूचाँग?
दोन्ही सुगंधी ब्लॅक टी, पण सुगंध येतो वेगवेगळ्या वाटांनी. लापसांग चीनच्या फूच्येन प्रांतातल्या वुयी डोंगरांतला. त्याची पानं पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात, त्यामुळे कपात चुलीचा वास उतरतो. ब्लॅक टीची सुरुवात याच डोंगरांत झाली असं मानतात. अर्ल ग्रेमध्ये मात्र तयार पत्तीला वरून बर्गमॉटच्या सालीचं तेल लावतात. हे लिंबूवर्गीय फळ मुख्यतः इटलीतल्या कालाब्रियाचं. नाव १८३० ते १८३४ या काळातल्या ब्रिटिश पंतप्रधानांचं (त्यामागच्या दंतकथा सोडून द्या), आणि पत्ती चीनची, सिलोनची, कुठलीही चालते. मुळाची ओढ असेल तर माझं मत लापसांगला. तो मात्र कोराच प्यावा. अर्ल ग्रेला चमचाभर दूध सोसतं, आलं दोघांनाही नको.