९२,४९९ रुपये गेले, आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हताच

कॉम्प्युटरच्या पडद्यावर व्हायरसची सूचना आली आणि तिच्याखाली फोन नंबर दिसला, तर तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एवढं एक वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर माझे ९२,४९९ रुपये आज खात्यात असते.

माझी नोकरी अकाउंट्सची. उभा जन्म दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेला, सोसायटीचे हिशेब आजही मीच लिहिते, घरात कॉम्प्युटर आहे तो त्यासाठीच. केवायसीवाले, लॉटरीवाले, ‘डिजिटल अरेस्ट’वाले यांचे फोन मी कधी अर्ध्या मिनिटापुढे जाऊ दिले नाहीत. इथे फोन त्यांनी केला नव्हता, मी केला होता. आलेल्या फोनवर विश्वास ठेवू नका, हे सगळेच सांगतात. आपण होऊन लावलेला फोनसुद्धा चोराच्याच हातात जाऊ शकतो, हे कुणी सांगत नाही.

प्रिंटर चालेना म्हणून मी ड्रायव्हर शोधत होते. सगळ्यात वर आलेली लिंक उघडली. ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती, हे नंतर कळलं. ड्रायव्हर हवा असेल तर प्रिंटरच्या कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. लिंक उघडताच सगळा पडदा निळा झाला, भोंगा वाजू लागला आणि एक बाई इंग्रजीत बजावू लागली: कॉम्प्युटर बंद करू नका, तुमचे पासवर्ड आणि फोटो चोरीला जात आहेत. बंद करायची फुली कुठेच दिसेना. प्रत्यक्षात ते फक्त पडदाभर पसरलेलं एक वेबपेज असतं. एस्केपचं बटण दाबून धरलं की ते लहान होतं. नाही झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं.

घाबरून मी पडद्यावरचा नंबर लावला. पलीकडचा माणूस अदबीने हिंदीत बोलत होता. ‘माताजी, आपका विंडोज एक्सपायर हो गया है.’ आता हे मी खोटं कसं समजावं? माझा कॉम्प्युटर विंडोज १०चा. त्याला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले, हे मी स्वतः वाचलेलं होतं. एक खरी गोष्ट पुढे करून तिच्या आड दहा खोट्या दडवायच्या, हीच यांची रीत. (विंडोज १० असेल तर सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, सेटिंग्जमधून नाव नोंदवावं लागतं. ते आजच करा.)

त्याने पडदा बघण्याचं ॲप घ्यायला लावलं आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून दाखवला. लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी. प्रत्येक ओळ म्हणजे एक व्हायरस, असं त्याने सांगितलं. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही ही यादी अशीच भरलेली असते. कुठला प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला, कुठली सेवा बंद पडली, असल्या किरकोळ नोंदी असतात त्या. तुमच्याकडेही उघडून बघा, म्हणजे कुणी त्या यादीने तुम्हाला घाबरवू शकणार नाही.

पाच वर्षांच्या ‘सिक्युरिटी’चे त्याने ४,९९९ मागितले. मी यूपीआयने भरायला गेले आणि पिन टाकण्याआधी नाव दिसलं. कंपनीचं नाही, कुणा एका माणसाचं, नाव आणि आडनाव.

याच जागी मी अजून रोज रात्री अडकते. बिलावर एक नाव आणि पैसे घेणारा दुसरा, म्हणून मी ऑफिसात किती बिलं परत पाठवली असतील! मी विचारलं. विचारलं नाही असं नाही. तो म्हणाला, ‘ये हमारे बिलिंग ऑफिसर हैं.’ मागे भोंगा चालू, समोर उलटी मोजणी चालू, तीन मिनिटांत नातवाचे फोटो जातील असं तो सांगत होता. माणसाला विचार करायला सवडच द्यायची नाही म्हणून तर तो भोंगा असतो. नाव जुळलं नाही की थांबायचं. समोरचा काहीही कारण देवो, पिन टाकायचा नाही.

मग ‘मोबाइलमध्येही व्हायरस गेलाय’ म्हणून तेच ॲप मोबाइलवर घ्यायला लावलं. पुढे म्हणाला, पैसे चुकून दोनदा कापले गेलेत, परत करतो, नेट बँकिंग उघडा. उघडलं, आणि पडदा काळा झाला. ‘स्कॅनिंग चालू आहे, हात लावू नका.’ त्या काळ्या पडद्याआड नवीन खातं जोडलं गेलं आणि ४९,००० गेले, मागोमाग ३८,५००. ओटीपी मी कुणालाही वाचून दाखवला नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती, मोबाइल त्याला दिसत होता. शेजारचा मुलगा धावत आला आणि ‘काकू, आधी राउटर बंद करा’ म्हणत त्यानेच वायर उपटली. तुमच्यावर वेळ आली तर पहिलं काम तेच: नेट तोडा, मोबाइलचंसुद्धा. मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा.

एनीडेस्कसारख्या, दुसऱ्याचा पडदा लांबून बघू देणाऱ्या ॲपमधून अशी चोरी होते, हा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना दिला होता. ग्राहकांपर्यंत तो किती पोचला? माझ्या बँकेकडून मला कर्जाच्या जाहिराती येतात, हा इशारा कधी आला नाही.

शाखेत गेले तर उत्तर ठरलेलं: ‘ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेला होता.’ मग वर्षानुवर्षं लाइट बिल आणि घरवेरा (घरपट्टी) भरणाऱ्या खात्यात नवीन नाव जोडलं जातं आणि लागलीच दोन मोठ्या रकमा बाहेर जातात, तेव्हा तुमची यंत्रणा काय बघत होती? यावर उत्तर नाही. अर्जाची पोच द्यायलाही टाळाटाळ. शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

इथे बडोद्यात पोलीस ठाण्यात सांगितलं सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाल्यांनी सांगितलं आधी ठाण्यातून कागद आणा. त्यात एक जण सगळ्यांसमोर मोठ्याने: ‘बेन, ओटीपी तो तमे ज आप्यो ने?’ (बाई, ओटीपी तर तुम्हीच दिलात ना?) माझ्या वयाच्या बाईला चारचौघांत असं बोलायचं, आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याला कुणी हटकायचंही नाही! त्याचं नाव मी दिलं, खाते क्रमांक दिला, व्यवहारांचे नंबर दिले. ते खातं आधार आणि पॅन घेऊनच उघडलं असेल ना? मग हा माणूस सापडत कसा नाही? मला मात्र बँक केवायसीसाठी पुन्हा पुन्हा बोलावते. कायदा कमी पडतो असंही नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड कलम नेमकं याच गुन्ह्यासाठी आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाप्रमाणे हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. मी हे कलम कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठे लेखणी हलली.

३८,५०० पैकी १२,३०० पुढच्या एका खात्यात अडवले गेलेत. हातात अजून एक पैसा आलेला नाही.

नंतर एका दुकानदाराने १,८०० रुपयांचा अँटीव्हायरस पुढे केला, म्हणे हा असता तर वाचला असतात. साफ खोटं. ते ॲप व्हायरस नव्हतं, रीतसर सॉफ्टवेअर होतं आणि ते माझ्या हातून घ्यायला लावलं होतं. अँटीव्हायरस त्याला सहसा अडवत नाही. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस फुकट असतो, तो चालू ठेवा, अपडेट थांबवू नका. ज्या कॉम्प्युटरवर परका माणूस शिरला होता त्यावरून पासवर्ड बदलू नका, दुसऱ्यावरून बदला. आणि दुकानदार फॉरमॅट मारायला घाई करेल, त्याआधी पुराव्यासाठी सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, आपल्या मराठी लोकांच्या कितीतरी घरांत आता दोनच म्हातारी माणसं असतात, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, आणि कॉम्प्युटर नातवंडांना बघायला. त्यांना हे वाचून दाखवा, मोठ्याने दाखवा.

बँकेने लेखी कळवलंय की नुकसान ‘ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे’ झालं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकातच दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकली. यांनी काहीच सिद्ध केलं नाही, एक ओळ छापून पाठवली. नवीन खातं कुठल्या मिनिटाला जोडलं, ओटीपी कधी आला, पैसे कधी गेले आणि मी बँकेला कधी कळवलं, याचा तक्ता करून मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) द्यायला अर्ज तयार केला आहे. तुम्हालाही बँकेने असंच उत्तर दिलं असेल, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नसेल, तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर आहे. या अर्जाला फी नाही आणि वकीलही लागत नाही.