टेन्स यंत्र: घरी जोडायचं की विकत घ्यायचं?

कापूस वेचणीत आईची कंबर धरते, आणि डिप्लोमाला असलेला पोरगा म्हणतो, टेन्स यंत्र मीच बनवतो. टेन्स म्हणजे त्वचेला पॅड चिकटवून विजेचे हलके ठोके देत दुखणं कमी करणारं यंत्र. मग प्रश्न पडतो: कोणतं बरं?

खर्चात घरचं जिंकतं. ५५५ आयसी (ठोके तयार करणारी चिप), ९ व्होल्टची बॅटरी, ट्रान्झिस्टर, व्होल्टेज वाढवायला उलटा जोडलेला ६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर: दोन-तीनशे रुपयांत काम होतं. विकतचं साधं यंत्र त्याहून महाग. पॅड मात्र दोघांनाही लागतात, आणि मे महिन्यात त्यांचा जेल लवकर सुकतो.

स्पंदनं, म्हणजे विजेचे ठोके, घरीही नीट जमतात. आयसीला १८० आणि २.२ किलोओहमचे रोध आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर जोडला की सेकंदाला सुमारे ७८ स्पंदनं, प्रत्येक १५० मायक्रोसेकंदांचं. हे स्पंदन आयसीच्या आउटपुटवर खालच्या दिशेने येतं, म्हणून आउटपुट खाली गेल्यावर चालू होणारा पीएनपी ट्रान्झिस्टर लावा. उलट प्रकारचा एनपीएन लावला तर तो जवळजवळ सतत चालू राहून तापतो.

खरी अडचण प्रवाहाची. घरच्या यंत्रात तो त्वचेच्या रोधावर ठरतो. घाम आला की रोध उतरतो, झटका वाढतो. एकाच दिशेने वाहणारा प्रवाह शिल्लक राहिला तर पॅडखाली त्वचा भाजते. चांगलं विकतचं यंत्र प्रवाह स्थिर ठेवतं, दोन्ही दिशांना समतोल देतं. मोबाइलचा चार्जर जोडून घरचं यंत्र कधीच चालवू नका. चार्जर बिघडला तर २३० व्होल्ट अंगावर येऊ शकतात.

दुरुस्ती घरच्याची सोपी, एवढंच.

शिकायचं असेल तर घरचं बनवा आणि अंगाऐवजी १ किलोओहमच्या रोधावर तपासा. आईच्या कमरेला विकतचंच लावा, तेही डॉक्टरांना विचारून. पेसमेकर असेल तर कोणतंच नको. गरोदरपणी पोटा-कमरेवर आणि कुणाच्याही गळ्यावर लावायचं नाही.