अ‍ॅनिमेशन आणि एडिटिंगचं वर्कस्टेशन: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आधी मशीनमध्ये काय आहे ते. एएमडी राइझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर (१६ कोअर, ३२ थ्रेड), एक्स६७०ई चिपसेटचा मदरबोर्ड, ९६ जीबी डीडीआर५ रॅम (४८ जीबीच्या दोन स्टिक), एनव्हिडिया आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड (२४ जीबी), तीन एनव्हीएमई एसएसडी, ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर, १२०० वॅटचा एटीएक्स ३.० एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आणि पुढून पूर्ण जाळी असलेलं कॅबिनेट. काम: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनमध्ये रेंडर (सीनमधून अंतिम चित्रं काढणं), आफ्टर इफेक्ट्समध्ये कंपोझिटिंग, दा विंची रिझॉल्व्हमध्ये एडिट आणि ग्रेडिंग.

वापरून ठाम झालेलं मत असं: या दर्जाचं मशीन वेगात क्वचितच कमी पडतं, ते अडतं जागेवर. व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) भरते, रॅम भरते, एसएसडीची कॅश भरते, आणि मग कागदावरचे सगळे आकडे निरुपयोगी ठरतात. त्यामुळे पार्ट निवडताना बेंचमार्कचे तक्ते बघण्याआधी आपली एक फ्रेम किती जागा खाते याचा हिशोब मांडावा.

व्हीरॅमपासून सुरुवात करू. टेक्स्चरची (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राची) जेपीजी फाइल ५ एमबीची असली तरी सायकल्स ती उलगडून मेमरीत ठेवतं. ८ बिटचं, चार चॅनलचं ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ × ४०९६ × ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. तेच ८के असेल तर २५६ एमबी. एका पात्राला पाच ८के मॅप लावले की सव्वा जीबी गेली. ३२ बिट फ्लोटमधलं ८के एचडीआरआय (सीनला प्रकाश देणारं सभोवतालचं चित्र) अर्धा जीबी घेतं आणि १६के घेतलं तर २ जीबी. त्यावर केस, गवत, अ‍ॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (पृष्ठभागाचे गरजेनुसार बारीक तुकडे पाडणं) आणि डीनॉइझर (चित्रातले ठिपके पुसणारा). २४ जीबी ऐकायला भरपूर वाटते, पण नीट सजवलेला एखादा बाहेरचा सीन ती सहज संपवतो.

व्हीरॅम संपली की ब्लेंडर सिस्टिम रॅमचा आधार घेतं. रेंडर बंद पडत नाही, पण पीसीआयई बसवरून (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेवरून) डेटा ओढत बसल्यामुळे भयंकर रेंगाळतं, आणि ही अवस्था चटकन लक्षात येत नाही. कार्डचा वापर १०० टक्के दिसतो, पण वॅट नेहमीपेक्षा खूपच खाली असतात. तेव्हा रेंडर लावल्यावर पहिल्या दोन-तीन फ्रेमला वॅटकडे लक्ष द्यावं. उपाय साधे आहेत: सिम्प्लिफाय पॅनलमधली टेक्स्चर लिमिट लावणं, मागच्या वस्तूंना २के टेक्स्चर देणं, गवत-झाडं इन्स्टन्स करणं (एकाच मूळ वस्तूच्या हलक्या नकला वापरणं), आणि अंतिम रेंडर कमांड लाइनवरून चालवणं, म्हणजे व्ह्यूपोर्टने (काम करतानाच्या सीनच्या खिडकीने) धरलेली जागा सुटते. पर्सिस्टंट डेटा हा पर्याय अ‍ॅनिमेशनमध्ये फ्रेममागचा तयारीचा वेळ छान वाचवतो, पण तो मेमरी धरून ठेवतो. व्हीरॅम काठोकाठ असेल तर तो बंदच ठेवा.

दुसरं ४०९० लावून ४८ जीबी मिळेल हा समज खरा नाही. या कार्डावर एनव्हीलिंक (दोन कार्डं थेट जोडणारी सोय) नाही. ब्लेंडर प्रत्येक कार्डावर सीनची स्वतंत्र प्रत चढवतं. वेग वाढेल, जागा २४ जीबीच राहील.

रॅमचं गणित आफ्टर इफेक्ट्सने शिकवलं. ३८४० × २१६० ची १६ बिट फ्रेम सुमारे ६६ एमबी असते. २४ फ्रेम प्रतिसेकंदाने दहा सेकंदांचा प्रिव्ह्यू धरायचा तर साधारण १६ जीबी, ३२ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. शिवाय मल्टि-फ्रेम रेंडरिंग अनेक फ्रेम एकाच वेळी तयार करतं, प्रत्येकीला आपली मेमरी लागते. ६४ जीबीमध्ये काम होतं, पण ब्लेंडर किंवा रिझॉल्व्ह मागे उघडं असेल तर घुसमट सुरू होते. ९६ जीबी ही या मशीनमधली सगळ्यात समाधान देणारी निवड ठरली.

आता चार स्टिक लावून आणखी वाढवावी का? या प्रोसेसरला दोन स्टिकवर अधिकृत आधार डीडीआर५-५२०० चा आहे, चार स्टिकवर तो ३६०० पर्यंत उतरतो. त्यापुढे चालली तर आपलं नशीब. म्हणून आज लागेल तेवढी रॅम दोनच स्टिकमध्ये घ्यावी. ‘नंतर दोन वाढवू’ हा बेत एएम५ वर (या प्रोसेसरच्या सॉकेटवर) बहुतेक वेळा त्रासाचाच होतो.

रॅमबद्दल आणखी एक. एक्स्पो प्रोफाइल (रॅमच्या जाहीर वेगाची तयार सेटिंग) लावून ६००० वर चालवणं हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. मशीन सुरू झालं, विंडोज आलं, म्हणजे रॅम स्थिर आहे असं नाही. अस्थिर रॅमची लक्षणं वेगळीच असतात: दोनशे फ्रेममध्ये एखादीच फ्रेम डागाळते, मोठी झिप उघडताना सीआरसीची (डेटा बिघडल्याची) त्रुटी येते, रेंडर रात्री कधीतरी न सांगता थांबतं आणि सकाळी तीच फ्रेम बिनतक्रार निघते. सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार पास पूर्ण करावेत. एक जरी त्रुटी आली तरी वेग एक पायरी उतरवावा. डीडीआर५ च्या चिपमधलं ऑन-डाय ईसीसी (मेमरीतल्या चुका दुरुस्त करण्याची सोय) हे पूर्ण ईसीसी नव्हे. ते चिपच्या आतल्या चुका सावरतं, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरच्या नाही.

पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. पंखे फिरतात, मदरबोर्डवरचा डीरॅमचा दिवा पेटलेला असतो आणि बाकी काहीच होत नाही. हे मेमरी ट्रेनिंग आहे. रॅम जितकी मोठी तितका वेळ जास्त. इथे घाबरून पॉवर बंद केली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बायोस अपडेट आणि एक्स्पो बदलल्यावरही हेच होतं. बायोस अद्ययावत केल्याशिवाय एक्स्पो लावू नये: २०२३ मध्ये एएम५ वर प्रोसेसर जळण्याचे प्रकार समोर आल्यावर एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे बायोस आले, आणि दुकानात पडून असलेल्या बोर्डात त्याआधीची आवृत्ती असू शकते.

एडिटिंगमध्ये या जोडणीची खरी उणीव उघडी पडते. आजचे बरेच मिररलेस कॅमेरे ४:२:२ १० बिट एच.२६५ मध्ये (रंगांचा जास्त तपशील राखणाऱ्या, दाबून साठवलेल्या व्हिडिओत) चित्रण करतात. ४०९० चा डीकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) ते वाचत नाही, ७९५०एक्समधल्या छोट्या ग्राफिक्सचाही उपयोग नाही. सगळा भार कोअरवर येतो. एक क्लिप चालते, पण ६० फ्रेमचं फुटेज किंवा तीन-चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम टाइमलाइनवर आलं की स्क्रबिंग (टाइमलाइनवर पुढे-मागे ओढून बघणं) अडखळतं. एवढं महागडं कार्ड बसवूनही हे होतं, म्हणून घेण्याआधीच ठाऊक असायला हवं. इंटेलच्या क्विक सिंकला (प्रोसेसरमधल्या व्हिडिओच्या विभागाला) ४:२:२ चं एच.२६५ वाचता येतं, आणि एनव्हिडियाच्या ५० मालिकेपासून कार्डातही ती सोय आली. मुख्य धंदा एडिटिंगचा असेल तर या दोनपैकी एक वाट धरावी. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर घेतल्यास व्होल्टेजच्या दोषावर २०२४ मध्ये आलेला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) असलेला बायोस आधी चढवा.

आहे त्या मशीनवर उपाय एकच: प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या काढलेल्या हलक्या प्रती. प्रोरेस (एडिटिंगला सोपा जाणारा व्हिडिओचा प्रकार) प्रॉक्सी १०८०पी २४ फ्रेमला सुमारे ३६ मेगाबिट प्रतिसेकंद घेतं, म्हणजे चार कॅमेरेही लीलया चालतात. मूळ फुटेज थेट प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये बदलायचं तर यूएचडी २४ फ्रेमला ७०७ मेगाबिट, म्हणजे जवळपास ८८ एमबी प्रतिसेकंद. असे तीन कॅमेरे एकत्र चालवले की साधी हार्ड डिस्क हात टेकते. प्रॉक्सी रात्री तयार करायला लावाव्यात.

एसएसडी तीन आहेत: एक सिस्टिमची, एक चालू प्रोजेक्टची, एक फक्त कॅशची. ही वाटणी अगदी योग्य ठरली. आफ्टर इफेक्ट्स आणि रिझॉल्व्हची कॅश दिवसभर लिहीत-पुसत असते, तो मार सिस्टिमच्या ड्राइव्हवर नको. खोक्यावरचा ७००० एमबी प्रतिसेकंद हा आकडा एसएलसी कॅश (ड्राइव्हमधली वेगवान तात्पुरती जागा) भरेपर्यंतचा असतो. शेकडो जीबी फुटेज एका दमात उतरवताना मध्येच वेग कोसळतो तो त्यामुळे. टीएलसी ड्राइव्ह (एका सेलमध्ये तीन बिट) तरीही बऱ्यापैकी धावते, क्यूएलसी (चार बिट) मात्र हार्ड डिस्कच्या पातळीवर येऊ शकते. कामाच्या ड्राइव्ह टीएलसीच घ्याव्यात आणि १५ ते २० टक्के जागा रिकामी ठेवावी. पीसीआयई ५ ची ड्राइव्ह घेऊन टाइमलाइनवर फरक जाणवत नाही, तापते मात्र जास्त. एम.२ चा हीटसिंक बसवताना थर्मल पॅडवरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढायची राहून जाते, आणि मग ड्राइव्ह तापून मंदावते. मदरबोर्डचं मॅन्युअलही वाचावं: काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक्सचा स्लॉट १६ वरून ८ लेनवर (डेटाच्या मार्गिकांवर) येतो.

ग्राफिक्स कार्डाची १६ पिनची केबल ही या मशीनमधली सगळ्यात नाजूक जागा. ४५० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे साडेसदतीस अँपिअर, आणि ते वाहून न्यायला सहा पिन: प्रत्येकीला सव्वासहा. पिनची क्षमता नऊ अँपिअरच्या थोडी वर, म्हणजे फारशी मोकळीक नाही. प्लग तिरका किंवा अर्धवट बसला तर काही पिनांवर जास्त प्रवाह येतो, तिथला रोध तापतो आणि प्लॅस्टिक वितळतं. बसवताना कार्ड कॅबिनेटबाहेर असतानाच प्लग सरळ दाबावा. खिट्टीचा आवाज येईलच असं नाही, म्हणून उजेडात बघावं: प्लग आणि सॉकेटच्या कडेत फट दिसता कामा नये. पहिले ३५ मिमी केबल वाकवू नये, त्यामुळे कॅबिनेटच्या काचेपर्यंत किती जागा उरते ते खरेदीआधी मोजावं. एसएमपीएससोबत आलेली थेट केबलच वापरावी, एका केबलला फुटणाऱ्या दोन टोकांवर अ‍ॅडॅप्टर चालवू नये. कार्डाचं वजन दोन किलोच्या आसपास असतं, खालून टेकू हवाच.

उष्णतेबद्दल दोन गोष्टी. ७९५०एक्स पूर्ण भारावर ९५ अंशांना जाऊन टेकतो, ते त्याच्या रचनेतच आहे, कूलर बिघडलेला नाही. तरी दिवसरात्र रेंडर असेल तर १०५ वॅटचा इको मोड लावावा: पॉवरची मर्यादा २३० वरून १४२ वॅटवर येते, वेळ थोडाच वाढतो आणि आवाज एकदम खाली येतो. कार्डाची पॉवर लिमिटही ८० टक्क्यांवर ठेवली आहे. रेंडरला पडणारा फरक नगण्य आहे, खोलीतला उकाडा मात्र स्पष्ट कमी होतो. हे दोन बदल केल्याशिवाय असं मशीन रात्रभर चालवू नये असं आग्रहाने सांगावंसं वाटतं.

ड्रायव्हर स्टुडिओ आवृत्तीचाच ठेवावा आणि प्रोजेक्टच्या मधोमध बदलू नये. जड शेडरवर ‘ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं’ असा निरोप येत असेल तर कारण बहुधा विंडोजचा टीडीआर: कार्ड २ सेकंद उत्तर देत नसेल तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. रजिस्ट्रीत ग्राफिक्सड्रायव्हर्सखाली टीडीआरडिले (TdrDelay) ६० केलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

अंतिम रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये कधीही काढू नये. ईएक्सआर फ्रेमची (प्रत्येक फ्रेमच्या वेगळ्या चित्रफाइलची) मालिका काढली तर वीज गेली तरी पुढच्या फ्रेमपासून सुरू करता येतं. यूपीएस घेताना व्हीएऐवजी वॅटचा आकडा बघा आणि प्युअर साइन वेव्हचाच घ्या. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढण्याची रचना) असलेले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यांच्या लहरीवर ऐन वेळी बंद पडू शकतात. रेंडरला भिंतीतून किती वॅट ओढले जातात ते मीटरने मोजून, वर निदान चौथा हिस्सा सोडून यूपीएस निवडावा.