मुलाखतीसाठी युनिफॉर्मच्या दुकानातला शर्ट-पँट: शिलाई पक्की, फिटिंग कच्चं

स्टाफ नर्स किंवा लॅब टेक्निशियनच्या मुलाखतीसाठी ब्लेझर शोधण्याआधी सोलापुरातल्या युनिफॉर्मच्या दुकानातला तयार शर्ट-पँट जरूर पाहा. गणवेश शिवणं हा या शहराचा मोठा धंदा, त्यामुळे काखेची आणि बैठकीची शिलाई खरोखर दणकट मिळते. उणीव आहे ती फिटिंगची. माल घाऊक मापांत कापलेला असतो, खांदे उतरतात आणि कंबर ढगळ राहते.

कापड सहसा टेरीकॉट, त्यातही ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के सुती हे मिश्रण जास्त. सुरकुत्या पडत नाहीत, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की पाठीला चिकटतं. एप्रिल-मेमधल्या वॉक-इन (थेट हजर राहून द्यायच्या) मुलाखतीला सुतीचं प्रमाण जास्त असलेलंच मागा. पांढऱ्या शर्टाच्या आत तळहात धरा. बोटं स्पष्ट दिसली तर कापड विरळ आहे. कॉलर चिमटीत धरून चोळा. थर सुटे लागले तर बकरम (कॉलर ताठ ठेवणारं आतलं कापड) नीट चिकटलेलं नाही, धुतल्यावर फुगे येणारच.

ट्रायलमध्ये आरशापुढे नुसतं उभं राहून भागत नाही. प्रात्यक्षिकात बीपी घ्यायला किंवा पुतळ्यावर सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचा उपचार) करून दाखवायला सांगू शकतात. म्हणून गुडघे टेकून बसा, वाका, दोन्ही हात वर करा. शर्ट पँटीतून निघता कामा नये, बसल्यावर बटणांमध्ये फट पडता कामा नये. बाही कोपराच्या वर सरकायलाच हवी, कारण हात धुवायचे ते मनगटासकट. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या आणि नेलपॉलिश याच कारणासाठी नकोत. कुर्ता असेल तर पाऊण बाही चालते; ओढणी रुग्णावर लोंबते, ती घेतलीच तर दोन्ही खांद्यांवर पिनेने पक्की करा.

पँटची उंची त्या दिवशीचेच बूट घालून मोजून द्या आणि आत दीड इंच दुमड ठेवायला सांगा. बूट पुढून बंद, न घसरणाऱ्या तळाचे. सेट चार दिवस आधी घेऊन एकदा धुवा: खळ निघते, आटायचं ते आटतं, आणि अल्टरेशनला वेळ उरतो. आटण्याआधी अल्टर केलं तर पँट घोट्याच्या वर जाते.

याच दुकानांत पांढरा ॲप्रनही मिळतो. तो अंगावर चढवून जाऊ नका. वॉर्डातला कपडा बाहेरच्या धुळीत मिरवणारा उमेदवार निवड समितीला खटकतो. घडी करून पिशवीत ठेवा, सांगितलं तरच घाला.