ग्रिडशिवाय नऊ महिने: आरसीसीबीचं टेस्ट बटण चालतं म्हणून निर्धास्त राहू नका

वापरात येऊन नऊ महिने झालेली यंत्रणा अशी: 5 केव्हीएचा इन्व्हर्टर-चार्जर, 16 सेल मालिकेत जोडलेली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर पॅनेल आणि गरजेपुरता एक छोटा पोर्टेबल जनरेटर. बाहेरून येणारी लाइन नाही. घर म्हणजे विजेच्या दृष्टीने एक बेटच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. आउटपुट 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आणि मीटर लावून बघितलं तरी आकडा फारसा हलत नाही. पंप सुरू होताना क्षणभर 214 पर्यंत उतरतो. आयईसी 60038 या मानकात 230 च्या 10 टक्के वर-खाली, म्हणजे 207 ते 253, चालतं. त्या हिशेबाने हा पुरवठा उत्तमच. 48 व्होल्टची बॅटरी घेतल्याचाही पश्चात्ताप नाही. 3 किलोवॅट लोडला 12 व्होल्टवर साधारण 250 अँपिअर ओढावे लागतात, 48 वर 63 च्या आसपास. केबल, लग, फ्यूज, सगळंच आवाक्यात येतं. शिवाय 16 सेलची बॅटरी पूर्ण भरली तरी 58.4 व्होल्टच्या वर जात नाही, आणि डीसीसाठी अतिनीच व्होल्टेजची (ज्याखाली झटक्याचा धोका कमी मानतात) 120 ची मर्यादा खूप लांब राहते. याचा अर्थ बेफिकिरी नव्हे. टर्मिनलवर पाना पडला तर हजारो अँपिअर वाहतात, म्हणून बॅटरीला अगदी लागून क्लास टी फ्यूज आहे. त्याची शॉर्टसर्किट तोडायची क्षमता 20,000 अँपिअर आहे, आणि इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता खरं सांगायचं ते. दुसऱ्या महिन्यात ओल्या हाताने मिक्सरच्या धातूच्या पट्टीला स्पर्श झाला आणि झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत दिवा मंद पेटत होता. मीटरवर फेज-न्यूट्रल 230, फेज-अर्थ 118, न्यूट्रल-अर्थ 112. म्हणजे आमच्या घरात न्यूट्रल असं काही नव्हतंच, दोन्ही तारा अधांतरी, जमिनीशी न जोडलेल्या होत्या. ग्रिडच्या घरात न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला बांधलेला असतो, त्यामुळे आपल्याला त्याचा विचार करावा लागत नाही. इथे ट्रान्सफॉर्मरच नाही. ते काम आपल्याकडे येतं, आणि बसवणाऱ्याने ते केलं नव्हतं.

हे अंगावर काटा आणणारं का, तर आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) होता. 30 मिलिअँपिअरचा, चांगल्या प्रतीचा. महिन्याला टेस्ट बटण दाबायचे, टक् करून पडायचा, मी समाधानाने परत उचलायचे. पण ते बटण आतल्या आत फेजकडून न्यूट्रलकडे एका रेझिस्टरमधून करंट वळवतं. त्याला अर्थचा पत्ताच लागत नाही. न्यूट्रल तरंगता असला तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडणारच. आरसीसीबी टेस्टचं बटण असलेला सॉकेट टेस्टर मागवला. तो फेज आणि अर्थ यांच्यामध्ये खरा लीकेज तयार करतो. दाबला, काहीच झालं नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. तो क्षण मी विसरणार नाही.

तरंगत्या पुरवठ्यात पहिला दोष सहसा झटका देत नाही, कारण करंटला परतायला वाट नसते. पण तो कळतही नाही. दुसऱ्या तारेत दुसरा दोष झाला की माणूस मध्ये सापडतो. उपाय साधा आहे: न्यूट्रल आणि अर्थ एकाच जागी बांधायचे, इन्व्हर्टरच्या आउटपुटपाशी, आरसीसीबीच्या आधी. आमच्या इन्व्हर्टरमध्ये त्यासाठी ग्राउंड रिले (ही जोडणी करणारा आतला स्विच) आहे, सेटिंगमध्ये बंद होता एवढंच. चालू केला. न्यूट्रल-अर्थ शून्याजवळ आलं, टेस्टर दाबताच आरसीसीबी पडला.

दोन ठिकाणी मात्र बांधू नका. मग न्यूट्रलचा काही करंट अर्थच्या तारेतून परततो आणि आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. म्हणूनच जनरेटर जोडला की हा रिले उघडतो, म्हणजे जोडणी तुटते: बाहेरच्या पुरवठ्याने स्वतःची न्यूट्रल-अर्थ जोडणी आणावी अशी अपेक्षा असते. आमच्या छोट्या जनरेटरचा न्यूट्रलही तरंगता निघाला, म्हणजे जनरेटर चालू असताना पुन्हा तेच जुनं संकट. हे चौथ्या महिन्यात लक्षात आलं. आता जनरेटरच्या जोडणीच्या डब्यात त्याचा न्यूट्रल अर्थला बांधला आहे.

एमसीबीबद्दलही (जादा करंट वाहिला की पडणारा स्विच) एक गोष्ट. एकदा वायर चिरडून शॉर्ट झाला, सगळं घर काळोखात, इन्व्हर्टरवर ओव्हरलोडचा दिवा, आणि एमसीबी सगळे चालू स्थितीत! कारण असं की सी20 (सी प्रकारचा, 20 अँपिअरचा) एमसीबी लगेच पडायला 100 ते 200 अँपिअर लागतात. आमचा इन्व्हर्टर 22 अँपिअरचा, क्षणभर दुप्पट, म्हणजे 44. तो एमसीबीला पाडूच शकत नाही, आधी स्वतः बंद होतो. दिव्यांच्या सर्किटला आता बी6 (बी प्रकारचे, 6 अँपिअरचे) आहेत, ते 18 ते 30 अँपिअरला पडतात, त्यामुळे दोष कुठे आहे ते निदान कळतं. बाकी सर्किटला हे जमत नाही, तिथे जमिनीकडे होणाऱ्या गळतीपुरती भिस्त आरसीसीबीवरच.

पॅनेलच्या बाजूला एकच चूक पकडली, पण महागात पडली असती. चार्ज कंट्रोलरची (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारं उपकरण) मर्यादा 150 व्होल्ट. 49.5 व्होल्टची तीन पॅनेलं मालिकेत, म्हणजे 148.5. कागदावर बसतं. पण तो आकडा 25 अंश सेल्सिअसचा आहे. गारठ्यात व्होल्टेज वाढतं, अंशाला पाव टक्क्याहून थोडं अधिक, आणि 5 अंशांच्या सकाळी ते 156 च्या वर जातं. आता मालिकेत दोनच.

लोडच्या बाबतीत, अमेरिकेच्या विद्युत संहितेतलं कलम 710 मला व्यवहारी वाटतं: स्वतंत्र पुरवठा एकूण लोडपेक्षा लहान चालेल, पण सर्वांत मोठ्या एका उपकरणापेक्षा लहान नको. स्कॉटलंडच्या एग बेटावर 2008 पासून घरटी 5 किलोवॅटची मर्यादा आहे आणि लोक त्यात राहतात. आम्हीही पंप आणि हीटर एकत्र लावत नाही.

विकत घ्यायची की नाही, तर जरूर घ्या, इन्व्हर्टरबद्दल माझी तक्रार नाही. बसवून झाल्यावर मात्र सॉकेट टेस्टर स्वतः लावा, एकदा बॅटरीवर आणि एकदा जनरेटर चालू असताना.