घरची पवनचक्की आणि दोन बॅटऱ्या: वर्षभराहून जास्त वापरानंतरचा अनुभव

सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर मोठ्या पवनचक्क्या कित्येक वर्षं फिरताहेत. त्याच पट्ट्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, आमचा गोठा आणि लागून एक खोली आहे. पावसाळ्यात तिथली लाइट वरचेवर जाते, आणि धुकं बसलं की सोलर पॅनेलही जेमतेम चालतं. म्हणून १.८ मीटर व्यासाची पवनचक्की घरीच बनवली. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर उभी केली, आता दुसरा पावसाळा निम्मा सरलाय.

आराखडा घरी पवनचक्की बनवायला शिकवणाऱ्या स्कॉटलंडच्या ह्यू पिगट यांच्या पद्धतीचा. दोन लोखंडी चकत्यांवर निओडायमियम चुंबक आणि मधे रेझिनमध्ये ओतलेल्या तांब्याच्या कॉइल. कॉइलमध्ये लोखंड नसल्यामुळे चुंबक अडत नाहीत, हलक्या वाऱ्यातही पाती फिरायला लागतात. पाती शिवणीच्या लाकडाची, हाताने तासलेली.

किती वीज मिळते? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, हे आधी मनात पक्कं करा. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात माझ्याकडे चाळीसएक वॉट येतात, म्हणजे २४ व्होल्टच्या बॅटरीला सुमारे दीड अँपिअर. १० मीटरला तीनशेच्या आसपास. त्यामुळे जून ते ऑगस्ट बॅटऱ्या रोज भरतात, गोठ्यातले दिवे, मोबाईल, छोटा पंप, सगळं निभतं. ऑक्टोबरमध्ये वारा पडतो आणि दिवसचे दिवस मीटरचा काटा हलत नाही. यंत्र तेच, पाती तीच.

बॅटऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर, सिरीजमध्ये जोडलेल्या. २४ व्होल्ट मुद्दाम घेतले. १२ व्होल्टच्या मानाने तेवढ्याच वॉटला करंट निम्मा लागतो, आणि तारेतला तोटा चौथा हिस्सा होतो. खांबापासून खोलीपर्यंत लांब वायर असेल तर हा फरक रोज दिसतो. रेक्टिफायर (चक्कीच्या एसीचं बॅटरीसाठी डीसी करणारा) वर चक्कीच्या डोक्यात न बसवता खाली बॅटरीजवळ ठेवलाय, गरम झाला तरी हात पोचतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सोलरचा साधा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, पवनचक्कीला लावू नका. बॅटरी भरली की तो पॅनेलची जोडणी तोडतो; पॅनेलला त्याने काही होत नाही. पवनचक्कीवरचा भार काढला तर पाती मोकाट सुटतात, आणि आषाढातल्या वाऱ्यात ती फुटायला वेळ लागत नाही. मला एका दुकानात तसलाच कंट्रोलर ‘दोन्हीला चालतो’ म्हणून दाखवला होता. चक्की बॅटरीला कायम जोडलेली हवी, आणि जास्तीची वीज हीटरच्या कॉइलमध्ये जाळायची. माझ्याकडे २८.८ व्होल्टला कॉइल चालू होते. तिच्यावर जाळी बसवलीय, गोठ्यात कडबा असतो म्हणून. चक्की थांबवायची असेल तर तिच्यातून येणाऱ्या तिन्ही फेजच्या तारा एकत्र शॉर्ट करणारा स्विच आहे, तोच ब्रेक. वारा फार चढायच्या आत तो टाकायचा.

बॅटरीची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नाही, दसऱ्यानंतर होते. लेड-अॅसिड बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची जाते. म्हणून त्याच बॅटऱ्यांना पॅनेलही जोडलीत, स्वतःच्या वेगळ्या कंट्रोलरने. धुक्याच्या दिवसांत चक्की, उन्हाच्या दिवसांत पॅनेल. दोन्ही मिळून वर्ष निघतं आणि माझ्या मते एवढ्यासाठीच हा खटाटोप करण्यासारखा आहे. भार काढून थोडा वेळ गेल्यावर व्होल्टेज २४.२ दाखवत असेल तर मी वापर थांबवतो. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालतो, आणि खोलीची खिडकी कधी बंद करत नाही, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

झीज कुठे झाली? पात्यांच्या पुढच्या कडा पावसाच्या माऱ्याने खरवडल्या, तिथे इपॉक्सी भरून पुन्हा रंग दिला. रेझिनला जिथे बारीक तडा होता तिथून चुंबकाला गंज चढायला लागला होता, तो वेळीच दिसला. खांबाला ताणून धरणाऱ्या तारांचे जांभ्यात रोवलेले खुंटे मात्र जागचे हलले नाहीत. खांब आडवा पाडता येतो असाच बनवा. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आधी खाली घेता येतो आणि दुरुस्तीला वर चढावं लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या गच्चीवर लावू का, असं बरेच जण विचारतात. इमारतींच्या गर्दीत वारा मंद आणि भोवरे धरणारा असतो, शिवाय खांबाची घरघर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. तिथे तेवढ्याच पैशात पॅनेल घ्या.