नावाची कोनशिला की नावाची ठेव?
आयुष्यभर विद्यापीठाला देणगी देत आलेल्या माणसाचा मान कसा करावा, यावर मराठवाड्यात दोनच वाटा दिसतात: इमारतीला नाव द्यायचं, नाहीतर नावाने ठेव ठेवून शिष्यवृत्ती सुरू करायची.

एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दोन्ही केलं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर (१८७८) त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे, तर कलकत्ता विद्यापीठातली शिष्यवृत्ती त्यांच्या स्वतःच्या. इतिहासकार जदुनाथ सरकार यांना ती मिळाली होती.

इमारतीचं नाव येता-जाता दिसतं, घरच्यांना समाधान मिळतं. पण छत गळायला लागलं की दुरुस्तीचा पैसा कुठून आणायचा? त्याची तरतूद देणगीत क्वचितच असते.

ठेवीत मुद्दल तसंच राहतं, व्याज वापरतात. १० लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार येतात. हिंगोली किंवा बीडहून संभाजीनगरला शिकायला आलेल्या, घरी कोरडवाहू शेती असलेल्या मुलीची खोली आणि मेस यातून बरीचशी भागते. धोका एकच, महागाई. जुन्या ठेवीच्या व्याजात आज सुवर्णपदक बसत नाही, नुसता मुलामा बसतो. म्हणून दरवर्षी थोडं व्याज मुद्दलात घालण्याची अट करारातच लिहून घ्यावी.

माझा कौल ठेवीला. आणि मान ठरवताना एकरकमी आकड्याऐवजी आयुष्यभराची बेरीज धरावी. दरवर्षी पेन्शनमधून देणारे निवृत्त प्राध्यापक एरवी कुठल्याच यादीत येत नाहीत. पदवीदान समारंभात त्यांना पहिल्या रांगेत बसवा, आणि शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीची त्यांच्याशी भेट घालून द्या.